भट्टी, चुल्ली, उलै : अणुवीज आणि ‘स्वच्छ’ या विशेषणाचा इतिहास

भारतीय भाषांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्याने अणुऊर्जेच्या परिभाषेपाशी थोडे थांबावे, अशी स्थिती आहे. मराठी ज्याला ‘अणू’ म्हणते त्याला हिंदी आणि बंगाली ‘परमाणु’ म्हणतात. या दोन भाषांतला ‘अणु’ म्हणजे आपला ‘रेणू’. वैशेषिकांच्या परंपरेत अविभाज्य कण तो परमाणू, दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक अशी चढती मांडणी होती. विसाव्या शतकात विज्ञानाची पुस्तके लिहिताना प्रत्येक भाषेने या मांडणीतली आपल्या सोयीची पायरी उचलली. परिणामी एकाच केंद्रीय विभागाचे नाव हिंदीत ‘परमाणु ऊर्जा विभाग’ होते आणि त्याच विभागाच्या मुंबईतील वसाहतीचे नाव ‘अणुशक्तीनगर’ राहते.

ज्या यंत्रात अणूचे विखंडन घडवून उष्णता मिळवतात त्याच्या नावांची कथा याहून रोचक आहे. मराठीने त्याला ‘अणुभट्टी’ म्हटले. बंगालीत ‘पारमाणविक चुल्ली’ हा शब्द रूढ झाला. तमिळमध्ये ‘अणु उलै’ म्हणतात. उलै म्हणजे लोहाराची भट्टी, आणि भातासाठी चुलीवर चढवलेले आधणही. तिन्ही भाषांनी हे परके यंत्र ओळखीच्या विस्तवापाशी आणून बसवले. मराठी ‘भट्टी’चे गोत तर मोठे आहे : वीटभट्टी, चुनाभट्टी, हातभट्टी आणि परटाची भट्टी. कपडे भट्टीला देणे म्हणजे ते धुवायला देणे. अणुभट्टीच्या स्वच्छतेविषयी पुढे जो वाद माजला त्याच्या संदर्भात हा शेवटचा अर्थ मौजेचा वाटतो, पण त्यावर अधिक भार टाकण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय यंत्राचे नाव हा नसून त्याला लागलेले विशेषण हा आहे. आज अणुवीज ‘स्वच्छ’ म्हणून ओळखली जाते. धोरणपत्रांत, संसदेतील भाषणांत, आंतरराष्ट्रीय करारनाम्यांत हा शब्द इतका सहज येतो की तो पहिल्यापासून तेथे होता असे वाटावे. वस्तुस्थिती तशी नाही. भारतात अणुविजेचे स्वप्न रंगवले जात होते तेव्हा तिचे वर्णन शांततामय, स्वस्त, विपुल, स्वावलंबी अशा शब्दांनी होत असे. ‘स्वच्छ’ हा उशिरा आलेला पाहुणा आहे. तो कोठून आला, कोणत्या अडचणीच्या वेळी आला आणि आल्यावर त्याने कोणते शब्द मागे लोटले, हे पाहिले असता अणुविजेच्या सुरक्षिततेविषयीच्या वादाची एक वेगळी बाजू समोर येते. या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थही ध्यानात ठेवला पाहिजे. सु अधिक अच्छ. अच्छ म्हणजे ज्यातून आरपार दिसते ते. स्फटिक, तळ दाखवणारे पाणी. मळ नसणे हा अर्थ त्याला जोडून आलेला आहे. मूळ कल्पना पारदर्शकतेची आहे.

पहिले विशेषण ‘शांततामय’. ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत शांततेसाठी अणू ही घोषणा केली. सोव्हिएत संघानेही लगोलग ‘शांततेचा अणू’ हा शब्दप्रयोग आपलासा केला आणि जून १९५४ मध्ये ओब्निन्स्क येथील छोट्या भट्टीची वीज जाळ्यात सोडली. हिरोशिमा-नागासाकीला दहा वर्षेही झाली नव्हती. अणू या शब्दाभोवती जी राख होती ती झटकण्यासाठी विशेषणाची गरज होती. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणूच्या शांततामय उपयोगांवर जी परिषद झाली तिचे अध्यक्ष होमी भाभा होते. नव्या राष्ट्राच्या प्रतिनिधीला हे स्थान मिळणे ही त्या काळातील अभिमानाची गोष्ट होती, आणि तो अभिमान अनाठायी नव्हता. परंतु त्याच काळात आपल्याकडे दुसरीही एक गोष्ट घडून गेली होती. एप्रिल १९४८ मध्ये संविधान सभेत अणुऊर्जा विधेयक आले तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी त्यातील गोपनीयतेच्या तरतुदींची ब्रिटन आणि अमेरिकेच्या कायद्यांशी तुलना करून, संशोधन शांततेसाठी असेल तर एवढी गुप्तता कशाला, असा प्रश्न विचारला. शांततेचा उपयोग आणि दुसरा उपयोग यांत भेद कसा करावा हे आपल्याला कळत नाही, अशा आशयाची कबुली नेहरूंनी उत्तरात दिली. इतकी मोकळी कबुली पुढे क्वचितच ऐकू आली. १९६२ च्या कायद्याने माहिती रोखून धरण्याचा अधिकार अधिकच पक्का केला, आणि १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे जो स्फोट झाला त्यालाही ‘शांततामय’ हेच विशेषण लावण्यात आले.

दुसरे विशेषण ‘स्वस्त’. अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी सप्टेंबर १९५४ मध्ये विज्ञानलेखकांच्या सभेत असे भाकीत केले की पुढच्या पिढीला वीज मीटरने मोजण्याचीही गरज वाटणार नाही इतकी ती स्वस्त होईल. भाभांची भाषा याहून संयत होती. वीज नसणे यासारखी महाग वीज दुसरी नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि विजेवाचून अडलेल्या देशात ते म्हणणे पटण्याजोगेच होते. आकडे मात्र संयत नव्हते. १९८७ पर्यंत वीस ते पंचवीस हजार मेगावॉट, असा अंदाज १९६२ मध्ये भाभांनी वर्तवला. विक्रम साराभाईंनी पुढे २००० सालासाठी ४३,००० मेगावॉटचा आकडा दिला. २००० साल संपले तेव्हा देशाची अणुविजेची स्थापित क्षमता सुमारे २,७०० मेगावॉट होती. भाकितांच्या या परंपरेचा बारकाईने वेध एम. व्ही. रमणा यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात घेतला आहे.

तारापूर हे या स्वप्नाचे पहिले मूर्त रूप. अमेरिकेशी १९६३ मध्ये करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या प्रकारातील दोन भट्ट्या उभारल्या, २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते केंद्राचे लोकार्पण झाले. भाभा ते पाहायला नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँ शिखरावर झालेल्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला होता. प्रत्येकी २१० मेगावॉटच्या या भट्ट्या पुढे बाष्पनिर्मितीच्या उपकरणांतील दोषांमुळे १६० मेगावॉटवर आणाव्या लागल्या. तरीही त्यांनी दीर्घकाळ वीज दिली, आणि ती तुलनेने स्वस्तही होती, हे मान्य केले पाहिजे. त्या काळी धूर, हवामान, कर्ब हे शब्द अणुविजेच्या समर्थनात जवळजवळ नव्हतेच. कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम किनाऱ्याला वीज हवी होती आणि कोळसा रेल्वेने आणणे महाग पडत होते, एवढाच सरळ हिशेब होता.

मग ‘स्वच्छ’ आला कोठून? अणूच्या संदर्भात हे विशेषण प्रथम गाजले ते विजेला लागून नव्हे, तर बाँबला लागून. १९५४ मध्ये बिकिनी बेटावरील चाचणीची किरणोत्सारी धूळ जपानी मच्छिमारांच्या होडीवर पडली आणि जगभर संताप उसळला. १९५६ च्या उन्हाळ्यात प्रशांत महासागरातील पुढच्या चाचण्यांनंतर त्याच स्ट्रॉस यांनी, धूळ कमी उडवणारा बाँब आता शक्य झाल्याचे सुचवले. आणि जून १९५७ मध्ये एडवर्ड टेलर व अर्नेस्ट लॉरेन्स यांनी अध्यक्ष आयझेनहॉवर यांची भेट घेऊन, चाचण्या थांबवल्या नाहीत तर ‘स्वच्छ’ बाँब बनवता येईल, असे पटवण्याचा प्रयत्न केला. येथे स्वच्छ म्हणजे ज्याच्या स्फोटानंतर किरणोत्सारी अवशेष कमी राहतात असा. स्फोटात जे मरायचे ते मरणारच होते. विशेषणाने काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही याची आखणी अशी सुरुवातीपासूनच केलेली दिसते.

विजेकडे हा शब्द वळला तो हवामानबदलाची चर्चा जागतिक झाल्यावर, म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरीनंतर. तेव्हाही तो सहजासहजी मिळाला नाही. १९९७ च्या क्योटो कराराने ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ नावाची व्यवस्था निर्माण केली. परंतु २००१ मध्ये बॉन आणि मराकेश येथे तिचे नियम ठरले तेव्हा औद्योगिक राष्ट्रांनी अणुप्रकल्पांतून मिळणारे कर्बश्रेय वापरू नये असे ठरवण्यात आले. ज्या व्यवस्थेच्या नावातच ‘स्वच्छ’ होते तिने अणुविजेला दाराबाहेर ठेवले. वीस वर्षांनी चित्र पालटले. युरोपीय संघाने बऱ्याच वादानंतर १ जानेवारी २०२३ पासून अणुविजेला काही अटींवर आपल्या हरित गुंतवणुकीच्या यादीत घेतले; त्याच वर्षी १५ एप्रिलला जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या; आणि डिसेंबरमध्ये दुबईच्या परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत अणुवीज तिप्पट करण्याचे घोषित केले. एकाच विशेषणाचा एकाच वर्षात इतका परस्परविरोधी वापर क्वचितच आढळेल.

हे विशेषण खोटे आहे असे मात्र म्हणता येणार नाही. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या २०१४ च्या अहवालात एका युनिट विजेमागे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे आकडे आहेत, तेही खाणीपासून केंद्र मोडीत काढण्यापर्यंतचा सारा हिशेब धरून : कोळसा ८२० ग्रॅम, अणुवीज १२ ग्रॅम, जमिनीवरील पवनऊर्जा ११ ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पांची वीज ४८ ग्रॅम. मृत्यूंचा हिशेब केला तरी, चेर्नोबिल धरूनही, प्रति युनिट कोळशाची वीज अणुविजेपेक्षा कित्येक पटींनी जीवघेणी ठरते. खाणीतले अपघात त्यात थोडे, हवेतून फुप्फुसात जाणारे कण अधिक. औष्णिक केंद्राच्या राखेच्या तलावाशेजारी राहणाऱ्याला अणुकेंद्राची भीती घालणे हास्यास्पद वाटेल. अणुविजेला विरोध करणाऱ्या आपल्याकडील लेखनात या तुलनेला बहुधा बगल दिली जाते, आणि त्यामुळे त्या लेखनाचे बळ कमी होते असे माझे मत आहे.

पण सरासरीने सुरक्षित असणे आणि सुरक्षित असल्याचे दिसणे या दोन गोष्टी आहेत. यातली दुसरी आपल्याकडे कशी होती याचे उदाहरण म्हणून नरोऱ्याची घटना पाहावी. उत्तर प्रदेशात गंगेच्या काठी असलेल्या या केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे, साडेतीनच्या सुमारास, पहिल्या एककाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. यंत्र थरथरू लागले, नळ्या फुटल्या, थंडाव्यासाठी वापरलेला हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि तेलाने आग पसरली. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही व्यवस्थांच्या विजेच्या तारा एकाच वाटेने नेलेल्या होत्या. त्या एकत्रच जळाल्या. केंद्रात संपूर्ण अंधार झाला आणि तो सुमारे सतरा तास टिकला. भट्टी तत्काळ बंद करण्यात आली होती, पण बंद भट्टीतही उष्णता निर्माण होत राहते, आणि ती पुन्हा पेट घेईल की काय हे सांगणारी उपकरणे मुकी झाली होती. तेव्हा काही कर्मचारी हातात विजेऱ्या घेऊन भट्टीच्या इमारतीच्या माथ्यावर चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेलच्या पंपांनी पाणी पुरवून भट्टी थंड ठेवण्यात आली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

या घटनेत दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात : माणसांचे असामान्य धैर्य, आणि ते दाखवण्याची वेळ यायला नको होती ही वस्तुस्थिती. तारा वेगवेगळ्या वाटेने न्याव्यात हा धडा अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्राच्या आगीने १९७५ मध्येच दिला होता. तेथे हवेची गळती शोधण्यासाठी धरलेल्या मेणबत्तीने तारा पेटल्या होत्या. टर्बाइनच्या पात्यांतील दोषाची सूचनाही मूळ आरेखन करणाऱ्या परदेशी कंपनीकडून अपघातापूर्वी मिळालेली होती. त्या वर्षी अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारणारे ए. गोपालकृष्णन १९९६ मध्ये निवृत्त झाल्यावर सुरक्षाव्यवस्थेचे जाहीर टीकाकार बनले. नियामक मंडळ ज्या आयोगाला जबाबदार त्याच आयोगाच्या छत्राखाली भट्ट्याही चालतात, या त्यांच्या आक्षेपाला २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दुजोरा दिला. नरोऱ्याच्या त्या रात्रीवर कादंबरी लिहिली गेली असती तर ती वाचण्याजोगी झाली असती.

इतरत्र अशा घटनांनी साहित्याला भाग पाडले. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरात एका छपरावर, अणू सैनिक नव्हे तर कामगार होवो, अशा अर्थाची घोषणा झळकत होती. पूर्व जर्मनीतील क्रिस्टा वोल्फ यांची त्या अपघातावरील लघुकादंबरी पुढच्याच वर्षी आली. तिचे शीर्षक ‘श्टोरफाल’ म्हणजे कामकाजातील बिघाड दर्शवणारा कोरडा कचेरीतला शब्द. स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी साक्षीदारांच्या मुलाखतींतून रचलेला ग्रंथ १९९७ चा. त्यांच्या बेलारूसमध्ये अपघाताच्या वेळी एकही अणुवीज केंद्र नव्हते, पण किरणोत्सारी धुळीचा मोठा वाटा तेथेच पडला. तेथील पहिले केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर ‘अन्झेन शिन्वा’ या शब्दाची चर्चा घरोघरी झाली. त्याचा अर्थ सुरक्षिततेची पुराणकथा. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. किरणोत्सर्गाने झालेला म्हणून सरकारने मान्य केलेला मृत्यू एक, आणि स्थलांतराच्या हालअपेष्टांनी झालेले मृत्यू दोन हजारांहून अधिक. भीतीनेही माणसे मरतात, हे दोन्ही पक्षांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे अणुविजेचे साहित्य भट्टीपाशी निर्माण झाले नाही. ते खाणीपाशी झाले. झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातील जादूगोडा येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून युरेनियमचे उत्खनन होते आहे. तेथील खनिजात युरेनियमचे प्रमाण इतके अल्प की एक टन दगड फोडून जेमतेम सहा-सातशे ग्रॅम युरेनियम हाती लागते. ते पिवळ्या भुकटीच्या रूपात हैदराबादला इंधन बनवण्यासाठी जाते. उरलेला जवळजवळ सगळा दगड, बारीक दळलेला, मागे राहतो. काही भाग खाणीत परत भरतात, बाकीचा गाळ नळांतून बांध घातलेल्या तळ्यांत सोडतात. युरेनियम काढून घेतले तरी त्याची रेडियमसारखी अपत्ये गाळातच राहतात, आणि मूळ खनिजाच्या किरणोत्सारितेपैकी सुमारे ८५ टक्के त्या गाळात असते. रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षांचे. या तळ्यांच्या आसपास संथाळ आणि हो समाजाची गावे आहेत. डिसेंबर २००६ मध्ये गाळाचा नळ फुटून तो गाळ ओढ्यात गेला. शांतता व विकासासाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका संघटनेने २००७ मध्ये पाहणी करून जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक असल्याचे सांगितले. खाण चालवणाऱ्या सरकारी कंपनीने आणि अणुऊर्जा विभागाने किरणोत्सर्गाशी असा संबंध असल्याचे नाकारले. वाद तेथेच थांबला, कारण दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी, सर्वांना तपासता येईल अशी आकडेवारी समोर आली नाही.

या प्रदेशावर श्रीप्रकाश यांनी १९९९ मध्ये काढलेल्या माहितीपटाच्या इंग्रजी नावात जादूगोड्यात बुद्ध रडतो आहे असे म्हटले आहे. पोखरणच्या १९७४ च्या स्फोटाशी जोडलेला ‘बुद्ध हसला’ हा संकेत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे उत्तर कोणाला आहे ते कळते. महुआ माजी यांची ‘मरंग गोड़ा नीलकंठ हुआ’ ही हिंदी कादंबरी २०१२ मध्ये आली. तिच्या शीर्षकातील नीलकंठाची प्रतिमा तौलनिक अभ्यासकाने थोडी उलगडून पाहावी. शिवाने हलाहल गिळले नाही आणि थुंकलेही नाही. ते कंठात धरून ठेवले. गाळाच्या तळ्याचे काम नेमके हेच आहे. फरक इतकाच की शिवाने ते स्वेच्छेने प्राशन केले होते, आणि समुद्रमंथनाच्या कथेत निदान अमृत कोणाला मिळाले हे सांगितलेले आहे. झारखंडात अणुवीज केंद्र नाही.

भट्टीच्या दुसऱ्या टोकाचे शब्दही असेच बोलके आहेत. भट्टीतून काढलेल्या इंधनाला मराठीत आपण सरळ ‘वापरलेले इंधन’ म्हणतो. हिंदीची शासकीय परिभाषा त्याला ‘भुक्तशेष ईंधन’ म्हणते : खाऊन उरलेले. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात संस्कृत समासाची सोय असेल. पण भारतीय वाचकाला या शब्दातून उष्ट्याचा वास आल्याखेरीज राहत नाही. उष्टे, खरकटे, ओवळे या कल्पनांचा आपल्या समाजात एक दीर्घ इतिहास आहे आणि त्या इतिहासात घाण कोठे जाते यापेक्षा ती कोण उचलतो हा प्रश्न महत्त्वाचा राहिला आहे. घर स्वच्छ असणे आणि घरातली घाण गावकुसाबाहेर नेणारा माणूस असणे या दोन गोष्टी आपल्याकडे एकमेकींपासून कधी सुटल्या नाहीत. ‘स्वच्छ वीज’ हा शब्दप्रयोग इंग्रजीतून आला तेव्हा हा सारा संदर्भ मागे सोडून आला. मराठीत वा हिंदीत तो तसा निर्दोष राहू शकत नाही.

जागेच्या वर्णनातही हेच दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरलीवाडा या वस्त्यांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या तेथे व्हायच्या होत्या. सरकारी कागदांत त्या जमिनीचा बराचसा भाग ‘पडीक’ होता. कोकणी माणसासाठी तो ‘सडा’ आहे : जांभ्याचे पठार, जेथे पावसाळ्यानंतर गवत येते, गुरे चरतात, कडेने आंबा-काजू लागतो. पडीक हा महसुलाचा शब्द, सडा हा जगण्याचा. एप्रिल २०११ मधील आंदोलनात गोळीबार होऊन एकाचा बळी गेला. त्यानंतरच्या काळात कंपन्या बदलल्या, वाटाघाटी चालू राहिल्या, भट्ट्या उभ्या राहिल्या नाहीत. तमिळनाडूतील कुडनकुळमला मात्र इडिंदकरैच्या मच्छिमारांच्या दीर्घ आंदोलनानंतरही, सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ मधील निकालाने पंधरा निर्देशांसह वाट मोकळी झाली. त्या गावातील स्त्रियांच्या तोंडी ‘उलै’ हा शब्द दोन अर्थांनी येत असणार. एक आधण घरातले, दुसरे समुद्रकाठचे.

शब्दांच्या या इतिहासात कायद्याने अलीकडे आणखी एक भर घातली. भोपाळच्या छायेत २०१० मध्ये झालेल्या अणुअपघात दायित्वाच्या कायद्याने, सदोष सामग्री पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा अधिकार केंद्रचालकाला दिला होता; परदेशी कंपन्यांना तो खुपत होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा संमत करून १९६२ चा आणि २०१० चा असे दोन्ही कायदे रद्द केले, खासगी कंपन्यांना अणुविजेचे दार उघडले आणि पुरवठादाराविरुद्धचा तो खास अधिकार वगळला. नियामक मंडळाला इतक्या वर्षांनी वैधानिक दर्जा मिळाला, ही जमेची बाजू. माहिती ‘प्रतिबंधित’ ठरवण्याचा सरकारचा अधिकार मात्र राहिला. कायद्याचे लांबलचक इंग्रजी नाव असे बेतलेले आहे की त्याच्या आद्याक्षरांतून ‘शांती’ हा शब्द उमटावा. १९५३ चे विशेषण असे फिरून परत आले. भाकितांची परंपराही खंडित झालेली नाही : फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉटचे उद्दिष्ट जाहीर झाले, तेव्हा देशाची क्षमता नऊ हजारांच्याही खाली होती.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचे वापरलेले इंधन हा या इतिहासातील सर्वांत शांत, आणि म्हणून सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. १९७४ च्या स्फोटानंतर अमेरिकेने इंधन देण्यास टाळाटाळ केली. पुढे ते फ्रान्सकडून, मग चीनकडून, मग रशियाकडून आले. वापरलेले अमेरिकी इंधन परत न्यायला अमेरिका तयार नव्हती आणि भारताने त्यावर पुनःप्रक्रिया करायलाही तिची संमती नव्हती. १९६३ चा करार १९९३ मध्ये संपला, इंधन तारापूरलाच राहिले, त्यासाठी साठवणीची जादा सोय करावी लागली. २०१० मध्ये अमेरिकेशी पुनःप्रक्रियेची जी व्यवस्था ठरली ती आंतरराष्ट्रीय देखरेखीखालील नव्या संयंत्रांपुरती होती. दरम्यान शेजारी तिसरी आणि चौथी भट्टी उभी राहिली आणि त्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही दोन गावे उठवण्यात आली. वापरलेले इंधन खोल टाक्यांत पाण्याखाली ठेवतात. ते पाणी सतत गाळून, क्षार काढून शुद्ध केलेले असते. त्यात कसलीही गढूळता चालत नाही, कारण खालच्या इंधनाच्या कांड्या वरून दिसाव्या लागतात, आणि नुकत्याच काढलेल्या कांड्यांभोवती फिकट निळा उजेड दिसतो. ‘अच्छ’ या शब्दाचा जो अर्थ संस्कृत कोशात दिलेला आहे त्याला ते पाणी तंतोतंत उतरते. त्या टाक्यांच्या काठापर्यंत जाण्यासाठी परवाना लागतो.